ताण आणि सवड

सोलापूरच्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर घड्याळ होते, पण उन्हाळ्यात माझी आजी वेळ सांगायची ती पत्र्यांवरून. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन छपराच्या पूर्वेकडच्या उतारावर चढले की पहिला ‘टक्’ असा आवाज होई, थोड्या अंतराने दुसरा होई, आणि तासाभरात वरून कोणी मूठमूठ ज्वारी टाकत असावे तसे सगळे छप्पर तडतडू लागे. भर दुपारी, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, ते अगदी गप्प बसे. संध्याकाळी सहानंतर पुन्हा तीच तडतड सुरू होई आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विरळ होत होत थांबे. मधल्या शांत वेळात अवचित आवाज आला, तर आजी हातातले काम टाकून अंगणात धावत असे, कारण त्याचा अर्थ वळवाचा ढग सूर्यावर आला आहे, आणि अंगणात तर पापड वाळत घातलेले आहेत. ढग दिसायच्या आधी पत्र्याने सांगितलेला असे, आणि बहुतेक वेळा पत्र्याचे खरे ठरे.

सर्वांत जास्त तापलेला असताना पत्रा गप्प का बसतो, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. नंतर कळले की आवाज उष्णतेचा नसतो, तो बदलाचा असतो. दहा फूट लांबीचा पोलादी पत्रा चाळीस अंशांनी तापला की त्याची लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. तो आकड्याच्या खिळ्यांनी खालच्या लाकडी वाशांवर धरून ठेवलेला असतो, त्यामुळे ही वाढ त्याला सलग सरकत सरकत करता येत नाही. घर्षण त्याला अडवून धरते, आत ताण साठत जातो, आणि ताणाने घर्षणावर मात केली की पत्रा केसभर पुढे घसरतो. त्या केसभर घसरण्याचा तो आवाज. दुपारी तापमान शिखरावर असले तरी फारसे हलत नसते, म्हणून पत्र्यालाही हलण्याचे कारण नसते. ढगाची सावली पडली की पत्र्यासारखी पातळ वस्तू काही क्षणांतच निवू लागते, आणि आजीला पापडांची आठवण होते.

त्या छपराचे पत्रे एकदा उतरवून पुन्हा बसवले, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बसवणारे मिस्त्री पन्हळीच्या खोलगट भागात भोक न पाडता उंचवट्यावर पाडत होते, म्हणजे पाणी भोकाशी साचणार नाही, आणि भोक खिळ्याच्या जाडीपेक्षा जरा मोठे ठेवत होते. वर डांबरी वॉशर बसवला की ती जास्तीची फट झाकली जाई. मोठे भोक का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, पत्र्याला जरा सवड ठेवावी लागते. नाही ठेवली तर तो स्वतःच भोक फाडून करून घेतो.” सवड हा शब्द तोवर मला फक्त वेळेपुरता ठाऊक होता. आईला सवड नसे, आजोबांना रविवारी सवड असे. मोकळा वेळ आणि मोकळी जागा यांना आपण एकच शब्द वापरतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले आणि आजवर ते मनातून गेलेले नाही. पत्र्याला पन्हळ पाडण्याचे पेटंट हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले. पन्हळीमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो, हे तर दिसतेच, पण त्याबरोबर रुंदीच्या दिशेने वाढायला लागणारी सवडही त्या लाटांमध्येच मिळून जाते. उरते ती लांबी, आणि लांबीची काळजी मिस्त्रींच्या मोठ्या भोकाने घेतलेली असते.

आमच्या भिंतीला लागून असलेल्या घरात दोन माग होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली ती १८७७ साली, पण हातमागाची परंपरा त्याहून जुनी, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून टाकलेला. आमचे शेजारी त्यांच्यापैकीच. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. आजोबाही मिलमध्ये मागावर कामाला होते, आणि निवृत्त झाल्यावर दुपारचे ते शेजारी जाऊन बसत. मागावर जे उभे धागे ताणून लावलेले असतात त्यांना ताणा म्हणतात आणि धोट्याबरोबर आडवा जातो तो बाणा. आजोबा ताण्यावरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवीत आणि कुठला धागा ढिला आहे हे न बघता सांगत. तळव्यापेक्षा बोटांच्या पाठीला नेमके कळते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या घरातली एक गोष्ट मला फार विचित्र वाटे. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात, जेव्हा आम्ही पाण्याच्या प्रत्येक हंड्याचा हिशोब ठेवत असू, तेव्हा शेजारच्या मामी मागाखालच्या फरशीवर पाणी शिंपडत आणि खिडकीला ओले पोते टांगत. मला वाटे की हे माणसांसाठी आहे. ते सुतासाठी होते. कापसाचा धागा हवेतली वाफ पिऊन घेतो. माफक दमट हवेत त्याच्या वजनाचा सातआठ टक्के भाग नुसते पाणी असते. हे पाणी त्याला लवचीक ठेवते, आणि नवल म्हणजे कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो. लोकरीचे याच्या उलट आहे, रेयॉनचेही. मागावर दर फेऱ्याला ताण्याचे धागे वरखाली ओढले जातात, फणीत घासले जातात, आणि हवा कोरडी असली की ते खळ दिलेले असूनही पटापट तुटू लागतात. एक धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. रोजची मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असेल तर कोरडी हवा थेट भाकरीतून घास काढते. म्हणून गिरण्यांमध्येही विणकामाच्या जागी हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि त्या दमट, उकाड्याच्या, सुताच्या धुळीने भरलेल्या हवेत माणसे आठ आठ तास उभी असत. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, आणि आजोबांचा खोकला त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला. सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे, तिचे कौतुक होते, ते व्हायलाच हवे. मला मात्र चादर हातात घेतली की आधी ते ओले पोते आठवते.

नवी चादर पहिल्या धुण्यात वीतभर आखडते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. आई चादर घेताना उंचीला मुद्दाम जास्तीची बघत असे. हे आखडणे पत्र्याच्या आखडण्यासारखे नाही, कारण थंड पाण्यात धुतली तरी चादर आखडते. मागावर ताणा सतत ओढलेला असतो आणि कापड त्याच ओढलेल्या स्थितीत तयार होते. पाण्यात पडल्यावर धाग्यांना पहिल्यांदा मोकळे होता येते आणि ते आपापल्या मूळ लांबीकडे परततात. त्यात भर म्हणजे ओला कापूस जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. जाड झालेल्या बाण्याला वळसा घालून जाताना ताण्याला जास्त लांबी खर्चावी लागते, आणि ती तो कापडाच्या लांबीतून वळती करून घेतो. पावसाळ्यात अंगणातली सुती दोरी ताठ होते आणि ऊन पडले की तिला झोळ पडतो, त्यामागेही हेच आहे. पिळाचे सूत फुगले की पिळाचा प्रत्येक वेढा रुंद होतो आणि दोरी आखूड होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकट माणसाविषयी म्हणतो. पण ज्याने दोर वळला आहे त्याला ही म्हण स्तुतीची वाटावी, कारण आखूड आखूड तंतूंना एकमेकांत धरून ठेवणारी पिळाखेरीज दुसरी कोणतीही गोष्ट सुतात नसते. गोंद नाही, खिळा नाही. ताण दिला की पीळ घट्ट होतो, तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातले घर्षणच धाग्याची ताकद होते. पत्र्याला अडवणारे घर्षण इथे कामाला लागलेले असते.

फुगण्याचा हा गुण कापडाने किती सुंदर वापरला आहे, हे छागलीत दिसे. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी ट्रकच्या बाजूला, जीपच्या पुढे लटकत असे. मामांकडे एक होती. नवी छागल भरली की सगळीकडून गळू लागे आणि माहीत नसलेला माणूस ती फेकून देईल. पण अर्धा-पाऊण तास गेला की धागे फुगत, विणीतली भोके आपोआप बुजत, आणि गळती थांबून नुसती पाझर उरे. त्या पाझराचे वाऱ्यावर बाष्पीभवन होई आणि आतले पाणी माठासारखे गार होई. प्लॅस्टिकच्या बाटलीला यातले काहीच येत नाही.

आई शिवणकाम करी. कापडाला ओळखणे म्हणजे त्याची दिशा ओळखणे, हे मी तिच्याकडून शिकले. उभ्या धाग्याने ओढले तर कापड जवळपास ताणत नाही, आडव्याने ओढले तर किंचित, आणि तिरपे, म्हणजे उरेब धरून ओढले तर ते रबरासारखे लांबते. विणलेल्या कापडातला कुठलाही एकटा धागा लांबलेला नसतो. फक्त चौकोनांचे तिरके शंकरपाळे झालेले असतात. म्हणून गळ्याच्या गोलाईला सरळ पट्टी लावली तर चुण्या पडतात, आणि उरेब पट्टी लावली तर ती गोलाईवर गुमान बसते. एकाच वस्तूचे तीन दिशांना तीन स्वभाव असतात, हे कापडाने मला शिकवले म्हणून पुढे लाकूड कळायला सोपे गेले. लाकडाचेही तेच आहे. रेषांच्या दिशेने ते ओलाव्याने जवळजवळ बदलत नाही, रेषांना आडवे मात्र चांगलेच फुगते आणि आटते. श्रावणात दार चौकटीत अडकते, वैशाखात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. आमचे सुतारकाका पावसाळ्यात दाराला रंधा मारायला कधीच तयार होत नसत. “दिवाळी होऊ द्या, मग बघू,” हे त्यांचे ठरलेले उत्तर असे, आणि दिवाळीपर्यंत बहुधा दार आपोआप लागू लागलेले असे. जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. ती खाचेतल्या खाचेत फुगते, आटते, आणि दार तसेच राहते. ती फळी कोणी गोंद लावून पक्की केली, तर दोन उन्हाळ्यांत ती मधोमध उभी तडकते.

लाकूड आणि लोखंड या दोन वेगळ्या स्वभावांचे लग्न लावण्याचा सर्वांत देखणा सोहळा मी आईच्या माहेरी, बार्शी तालुक्यात, पाहिला आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचे लोखंडी कडे. लोहारांनी आधी चाकाचा घेर सुतळीने मोजला, मग कड्याचा मोजला, आणि कडे घेरापेक्षा मुद्दाम लहान केले. मला वाटले, चुकले. मग जमिनीवर धाव आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि धाव लालसर होईपर्यंत सगळे गप्पा मारत बसले. साडेचार फुटी चाकाचा घेर सव्वाचार मीटरच्या आसपास भरतो. लोखंड पाचशे अंशांनी तापले की एवढ्या लांबीत अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक वाढ होते. मग चौघांनी सांडशीने धाव उचलली, चाकावर उतरवली, लाकडाने पेट घेतला, धूर झाला, आणि लगेच घागरीमागून घागरी पाणी ओतले गेले. वाफेच्या लोटात चाक करकरू लागले. ती करकर मी विसरणार नाही. आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्यात, आणि घेरात दाबून बसत होते, इतका वेळ खुळखुळणारे लाकडाचे तुकडे एकजीव होत होते. त्या चाकात खिळ्याचे काम फारसे नव्हते. लोखंडाला आखडायचे होते आणि लाकूड त्याला आखडू देत नव्हते, त्या अडवणुकीवर चाक उभे होते. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली की मामा चाके ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. लोखंड तापवून जे साधले होते, ते लाकूड भिजवून पुन्हा साधता येई.

उष्णता आणि ओलावा अशा जोडीने घरात रोज काम करतात ते इस्त्रीच्या वेळी. आई कपड्यांवर पाणी शिंपडून त्यांची गुंडाळी करून ठेवी, आणि अर्ध्या तासाने पितळी इस्त्रीत कोळसे घाली. पाणी कापसाच्या आतल्या सूक्ष्म साखळ्यांमधले बंध सैल करते, म्हणून सुरकुती सोडायला कापड तयार होते. मग उष्णतेने ते पाणी उडून गेले की बंध नव्या, सपाट स्थितीत पुन्हा जुळतात. कोरड्या सुती कापडावर कितीही गरम इस्त्री फिरवा, त्यातली सुरकुती हट्ट सोडत नाही. माझ्या आताच्या विजेच्या इस्त्रीत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त लांबतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो आणि बारीकसा ‘टक्’ होतो. निवल्यावर पुन्हा होतो. सोलापूरचा पत्रा आता माझ्या हातातल्या इस्त्रीत राहतो, असे मला तो आवाज ऐकताना नेहमी वाटते.

पुण्यात आम्ही घर घेतले ते सर्वांत वरच्या मजल्यावर. दुसऱ्या उन्हाळ्यात, मेच्या पहिल्या आठवड्यात, पश्चिमेकडच्या खोलीत भिंतीचा माथा जिथे छताला भिडतो तिथे एक आडवी, सरळ, केसासारखी भेग दिसली. ज्यांनी इमारत बांधली होती त्यांचा माणूस येऊन पुट्टी भरून गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुट्टीसकट भेग उघडली. पुन्हा भरली, या वेळी सिमेंटने. पुन्हा उघडली, आणि या खेपेला गिलाव्याचा एक तुकडा माझ्या मुलाच्या पलंगावर पडला. तो त्या वेळी तिथे नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. छत खाली येणार का, या एका प्रश्नाभोवती मन फिरत राहिले, आणि ज्याला विचारावे तो ‘होते असे’ म्हणून हात झटकत होता.

शेवटी ओळखीच्या एका वयस्कर गवंड्यांना बोलावले. त्यांनी भेगेवर बोट फिरवले, मग पिशवीतून खिडकीच्या काचेची एक अरुंद पट्टी काढली, आणि ती भेगेवर उभी धरून तिची दोन टोके, एक वर आणि एक खाली, प्लास्टरने चिकटवली. “ताई, आठ दिवसांनी बघू,” एवढेच म्हणाले. काच तिसऱ्याच दिवशी दुपारी तडकली. मी घाबरून फोन केला, तर त्यांचा आवाज अगदी निश्चिंत होता. भेग जिवंत आहे, म्हणाले, रोज हलते आहे, म्हणून भरून उपयोग नाही. “भरलं की तिला जागा राहत नाही. मग ती दुसरीकडे फुटते. हिला वाट द्यायची.”

त्यांनी शब्दांत सांगितले ते मी नंतर आकड्यांत मांडून पाहिले. एक मीटर लांबीची वस्तू शंभर अंशांनी तापली, तर पोलाद सुमारे १.२ मिलिमीटर लांबते, काँक्रीट त्याच्या आसपास, साधारण १ मिलिमीटर, भाजलेली वीट त्याच्या निम्म्याने, आणि ज्याच्या खिडक्या आपण सगळीकडे बसवतो ते अॅल्युमिनियम २.३. आमचे छत नऊ मीटर लांब. दिवसभर उन्हात भाजून रात्री निवणाऱ्या त्या स्लॅबचे तापमान वीस अंशांनी वरखाली झाले, तरी तो रोज पावणेदोन ते दोन मिलिमीटर लांबतो आणि तेवढाच आखडतो. त्याखालची विटांची भिंत सावलीत, पंख्याखाली, जवळपास होती तिथेच असते. तापलेले छत आणि गार भिंत सिमेंटने एकमेकांना घट्ट धरून आहेत, आणि रोज दुपारी छताला जायचे असते, भिंतीला जायचे नसते. भेग पडली ती त्या दोघांच्या सांध्यात, जिथे पडायला हवी तिथेच पडली. खालच्या मजल्यांवर ती नव्हती, कारण तिथल्या छतांवर ऊन नव्हते, माणसे राहत होती.

यात मला खरोखर थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. काँक्रीट आणि पोलाद यांचे लांबणे जवळपास सारखे आहे, हा निसर्गाचा केवळ योगायोग आहे. एक चुनखडी भाजून, दळून, वाळू-खडीत कालवून केलेला दगड, दुसरा खनिजातून काढलेला धातू. त्यांचे जुळावे असे काहीच कारण नाही. पण ते जुळते, म्हणून स्लॅबच्या पोटातली सळई उन्हाळ्याउन्हाळ्याला स्लॅबपासून सुटत नाही. सळईऐवजी अॅल्युमिनियम असते तर आज ज्या घरात मी हे लिहिते आहे ते घर उभेच राहिले नसते.

आधीची घरे हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवत. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरात छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. ऊन त्यातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई, त्यामुळे खालच्या लाकडाला दिवस कळतच नसे. चुन्यात बांधलेल्या वाड्यांच्या भिंतीही हलत, पण चुना सिमेंटपेक्षा मऊ. तो थोडा दबतो, आणि बारीक तडा गेलाच तर पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्यात पुन्हा जमून तडा सांधतो. बैलाने फिरवायच्या घाण्यात दिवसेंदिवस मळलेला चुना आणि आठवड्यात होणारे सिमेंटचे काम यांची तुलना करून जुने ते सोने म्हणायचा माझा विचार नाही. माळवद दरवर्षी पावसाआधी दुरुस्त करावे लागे, आणि ते करणाऱ्या माझ्या आजीच्या गुडघ्यांना त्याची किंमत ठाऊक होती. पण सिमेंटचे घर बांधताना चुन्याला जे आपोआप जमत होते ते आता आपल्याला आठवणीने करावे लागते, एवढे तरी बांधणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. छत आणि भिंत यांच्यामध्ये सरकता यावे असा गुळगुळीत थर द्यावा, लांब इमारतीत ठराविक अंतरावर सांधा सोडावा, गच्चीवर उष्णता अडवणारा पांढरा थर टाकावा, या गोष्टी नव्या नाहीत. त्या केल्या नाहीत म्हणून माझ्या मुलाच्या पलंगावर गिलावा पडला, आणि याचा राग मला अजून आहे.

सवड हाच एक उपाय आहे, असेही मात्र नाही. लहानपणी आगगाडीतून पुण्याला येताना रुळांच्या दर सांध्याला खडखड होई, कारण तेरा मीटरच्या दोन रुळांमध्ये उन्हाळ्यासाठी फट सोडलेली असे. आता रूळ मैलोन् मैल सलग जोडलेले असतात, फट नाही, खडखड नाही. उन्हात त्यांनाही लांबायचे असते, पण स्लीपर आणि त्याभोवतीची खडी त्यांना इतके घट्ट धरून असतात की ते लांबू शकत नाहीत. सगळा ताण आतल्या आत राहतो. बैलगाडीच्या धावेसारखाच हा रस्ता. तो चालतो, जोवर धरणारा हात मजबूत आहे तोवर. खडी हलली, भर उन्हात कुठे ढिली पडली, की रूळ सापासारखा वाकतो. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत रुळांवर गस्त घालणारी माणसे लागतात.

गवंड्यांनी आमच्या भेगेच्या जागी गिलाव्यात बोटभर रुंदीची सरळ खाच कापली, ती साफ केली आणि तिच्यात सिमेंट न भरता रबरासारखा ताणणारा मसाला भरला. गच्चीवर पांढरा थर दिला. दूरून पाहिले तर आता तिथे भिंतीच्या माथ्यावरून जाणारी एक नीटस रेघ दिसते, आणि पाहुण्यांना ती मुद्दाम काढलेली नक्षी वाटते. मी तिच्या वर आणि खाली पेन्सिलीने एकासमोर एक दोन खुणा केल्या आहेत. पहाटे त्या समोरासमोर असतात. मेमध्ये दुपारी चारनंतर त्यांच्यात नखाच्या जाडीएवढे अंतर पडते.

गेल्या वर्षी सोलापूरच्या घराचे पत्रे उतरवून तिथे स्लॅब टाकायचे ठरले. मी गेले होते. भंगारात जाणाऱ्या पत्र्यांतून मिस्त्रींच्या हातचे एक भोक असलेला वीतभर तुकडा मी कापून मागून घेतला. चाळीस वर्षांपूर्वी ते भोक गोल पाडलेले मी स्वतः पाहिले आहे. आता ते गोल नाही. रुंदीला जेवढे होते तेवढेच आहे, लांबीच्या दिशेने मात्र दोन्ही बाजूंनी घासून लांबट झाले आहे, तिळाच्या दाण्याच्या आकाराचे. करंगळी आत घालून फिरवली की कडा गुळगुळीत लागतात.